मतमोजणीच्या आधीची मोजणी

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी शहापूर विधानसभा मतदारसंघाचा निकाल लागला. दौलत दरोडा यांना ७३,०८१ मतं, पांडुरंग बरोरा यांना ७१,४०९. फरक १,६७२. कसारा, डोळखांब, किन्हवली, वासिंद, कुठेही जा, पुढचे कित्येक दिवस हाच आकडा चघळला जात होता. कुठल्या बूथवर कमी पडली, कुठल्या पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर निघून गेली होती, बरोरांच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हासारख्याच दिसणाऱ्या 'पिपाणी'वर किती मतं चुकून पडली. ती 'पिपाणी'ची मतं फरकापेक्षा जास्त होती, त्यामुळे हा हिशेब अजूनही मिटलेला नाही.

या आकड्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. २०१४ साली हेच दोघे समोरासमोर होते. बरोरा राष्ट्रवादीचे, दरोडा शिवसेनेचे. बरोरा साडेपाच हजारांनी जिंकले. २०१९ साली पुन्हा हेच दोघे, फक्त झेंडे बदललेले. बरोरा शिवसेनेत गेले होते आणि दरोडा राष्ट्रवादीत. या वेळी दरोडा जिंकले. २०२४ ला राष्ट्रवादी दुभंगलेली होती. दरोडा अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार झाले आणि बरोरा शरद पवारांच्या. तीन निवडणुका, तेच दोघे, आणि दोघांच्याही पाठीशी आळीपाळीनं जवळपास तेच पक्ष.

शहापूरच्या मतदारानं तिन्ही वेळा आपलं काम चोख केलं. रांगेत उभा राहिला, बटण दाबलं, निकाल मान्य केला. पण हे दोघे उमेदवार असावेत हे कुणी ठरवलं? राष्ट्रवादीच्या किन्हवलीतल्या कार्यकर्त्याला कुणी विचारलं होतं का? शिवसेनेच्या खर्डीतल्या शाखाप्रमुखानं कुठल्या चिठ्ठीवर खूण केली होती का? तशी चिठ्ठीच कधी छापली गेली नाही.

माझं म्हणणं असं आहे की जिथे पक्षाच्या आत मोजायची सोय नसते, तिथे माणसं पक्षाबाहेर जाऊन आपली ताकद मोजून घेतात. ठाण्याच्या ग्रामीण भागात पक्षांतराला निष्ठेचा दुष्काळ म्हणण्याची रीत आहे. मला त्यात न झालेलं मतदान दिसतं.

मोजण्यात मुरलेला मुलूख

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके राजकीय बेरजेत कच्चे मुळीच नाहीत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्हा परिषदेच्या वाट्याला पाच तालुके उरले. डिसेंबर २०१७ च्या निवडणुकीत जिल्हा परिषदेचे गट होते ५३. भिवंडी २१, शहापूर १४, मुरबाड ८, कल्याण ६, अंबरनाथ ४. म्हणजे एकट्या शहापूर-मुरबाडचे २२. बहुमताला २७ हवे होते आणि शिवसेनेचे निवडून आले २६. एकानं अडलं. राज्यात तेव्हा भाजप-शिवसेनेचं सरकार होतं, पण जिल्हा परिषदेत शिवसेनेनं राष्ट्रवादीच्या १० सदस्यांना सोबत घेतलं. अध्यक्षपद शिवसेनेकडे गेलं आणि उपाध्यक्षपद राष्ट्रवादीकडे, मुरबाडच्या सुभाष पवारांकडे. कोण कुणाबरोबर बसला आणि का, हे त्या काळात सरळगावच्या नाक्यावर चहा पिणारा माणूसही सविस्तर सांगू शकत होता.

सरपंचाच्या निवडीचं तसंच. आधी ग्रामपंचायतीचे सदस्य सरपंच निवडत. २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड आली, २०२० मध्ये ती गेली, २०२२ मध्ये परत आली. गावकऱ्यांनी दोन्ही पद्धती अनुभवल्या. सदस्यांतून निवड असली की सात-नऊ जणांची मोट बांधायची, एखादा फुटू नये म्हणून त्याला निवडीच्या दिवसापर्यंत सांभाळायचा. थेट निवड असली की सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, मग पाच वर्षं ठरावावरून ओढाताण. प्रतिनिधींनी निवडावं की सगळ्यांनी, या प्रश्नावर राज्यशास्त्राच्या पुस्तकांत जे लिहिलेलं असतं, ते या गावांनी सोसलेलं आहे.

आणि विधान परिषद. ठाणे स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात २०१६ साली शिवसेनेचे रवींद्र फाटक आणि राष्ट्रवादीचे वसंत डावखरे यांच्यात लढत झाली. मतदार म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती. फाटकांना ६०१ मतं, डावखऱ्यांना ४५०. अनेक वर्षं या जागेवर पाय रोवून असलेला नेता १५१ मतांनी पडला. हजारभर माणसांच्या यादीत कुणाचे किती, कोण हललं, हे त्या आठवड्यात तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ होतं.

असा हा मुलूख. मोजायला शिकवायची गरज नसलेला. फक्त आपल्याच पक्षाच्या दारात आला की त्याची मोजणी थांबते.

'सर्व्हेत नाव आहे'

विधानसभेचे वारे वाहू लागले की तिकिटाच्या चर्चेत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: सर्व्हे. अमुक भाऊंचं सर्व्हेत नाव आहे, तमुक साहेबांचं नाव खाली गेलंय, दिल्लीची टीम येऊन गेली, आता दुसरा सर्व्हे चाललाय. कुणी हा सर्व्हे पाहिलेला नसतो. तरीही अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कुणाच्या हातात पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म पडणार, हे त्याच्या आधारानं ठरल्याचं सांगितलं जातं.

सर्व्हे वाईट नसतो. नीट केला तर तो बरंच काही सांगतो. पण त्याच्याकडून काय मागावं याला मर्यादा आहेत आणि त्या साध्या गणिताच्या आहेत. राज्यभरात १०,००० लोकांना विचारलं असं धरू. २८८ मतदारसंघांत वाटले तर एका मतदारसंघाच्या वाट्याला येतात ३५ माणसं. ३५ माणसांच्या उत्तरांवरून काढलेल्या टक्केवारीत १६-१७ टक्क्यांची चूक कुठल्याही बाजूला होऊ शकते. फक्त एकाच मतदारसंघात १,००० जणांना विचारलं तरी तीन टक्क्यांची चूक राहतेच. शहापुरात २०२४ ला दोघांच्या मतांच्या बेरजेत फरक होता सव्वा टक्क्याच्या आत. कुठलाही सर्व्हे हा फरक आधी सांगू शकला नसता.

शिवाय विचारलं कुणाला? फोनवरून विचारलं तर रेंज नसलेला पाडा गळतो. बाजारपेठेत उभं राहून विचारलं तर शेतावर असलेली बाई गळते. मुरबाड मतदारसंघात मुरबाड तालुक्याबरोबर बदलापूर शहरही येतं. २०११ च्या जनगणनेत मुरबाड तालुका १ लाख ९० हजारांचा होता आणि कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात. त्यानंतर बदलापूर कुठल्या कुठे वाढलं. तिथे इमारतीच्या खाली उभं राहून संध्याकाळी दोन तासांत शंभर माणसं भेटतात. माळशेजच्या पायथ्याच्या वाड्यांत तेवढी भेटायला दिवस जातो. सर्व्हे करणाऱ्याचा दिवस जिथे स्वस्त पडतो, तिथलं मत जड होतं.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सर्व्हे बहुधा ओळख मोजतो. ज्याचं नाव लोकांनी ऐकलेलं आहे, त्याचं नाव वर येतं. आमदाराचं, माजी आमदाराचं, त्यांच्या मुलाचं. वीस वर्षं पंचायत समितीत लोकांची कामं करणाऱ्या बाईचं नाव शेजारच्या गणात माहीत नसतं, म्हणून ती सर्व्हेत नसते. सर्व्हेत नसते म्हणून तिला तिकीट नसतं. तिकीट नसतं म्हणून तिचं नाव कधी माहीत होत नाही. आणि सर्व्हेत प्रश्न वरचा माणूस विचारतो, उत्तराचं काय करायचं तेही तोच ठरवतो. मतदानात मत देणाऱ्याचा शब्द अखेरचा असतो. या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत.

ब्लॉकमागे एक मत

पक्षाचा नेता मतदानानं निवडण्याची सगळ्यांत जुनी सवय आपल्याकडे काँग्रेसला आहे, म्हणून तिचाच हिशेब मांडून पाहू. १७ ऑक्टोबर २०२२ ला पक्षाच्या अध्यक्षपदासाठी मतदान झालं आणि १९ तारखेला मोजणी. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मतं, शशी थरूर यांना १,०७२, बाद ४१६. मतदार म्हणजे प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी. पक्षाच्या घटनेनुसार प्रत्येक ब्लॉक काँग्रेस कमिटीतून एक प्रतिनिधी निवडून यायचा असतो. त्यामुळे हे मतदान तत्त्वतः थेट आपल्या तालुक्यापर्यंत येतं. मुंबईत ते दादरच्या टिळक भवनात झालं. शहापूरकराला आसनगावहून लोकल पकडून जाता येतं. मुरबाडला रेल्वे नाही, आधी कल्याण गाठायचं.

या भागाला काँग्रेस काही नवी नाही. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. 'चले जाव'च्या त्या हाकेवर डोंगरात उतरलेल्या माणसांच्या मुलखात पक्षाचा अध्यक्ष निवडायला ब्लॉकमागे एक मत आहे. ब्लॉकमध्ये पक्षाचे सदस्य पाचशे असोत की पाच हजार, पक्षाला तिथे मतं किती पडतात, याचा त्या एका मताच्या वजनाशी संबंध नाही. आणि ते एक मत कुणी द्यायचं, तो प्रतिनिधी कसा ठरला, हे ब्लॉकमधल्या साध्या सदस्याला क्वचितच सांगता येतं.

२०२२ ला याच मुद्द्यावर वाद झाला. थरूर, मनीष तिवारी, कार्ती चिदंबरम, प्रद्युत बोरदोलोई आणि अब्दुल खालिक या पाच खासदारांनी मतदारयादी खुली करण्याची मागणी केली. निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांनी यादी पाहण्याची सोय केली, पण सर्वांसाठी ती प्रसिद्ध झाली नाही. मतपत्रिकेवर '१' लिहायचा की बरोबरची खूण करायची, यावरही हरकत आली आणि नियम बदलला. मोजणीआधी सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्यात आल्या, म्हणजे कुठल्या राज्यानं कुणाला मत दिलं ते कळू नये. मतदाराला दडपणापासून वाचवायला ही काळजी रास्त होती. पण यादीच उघड नसली तर तालुक्यातल्या सदस्याच्या हातात काहीच राहत नाही: त्याचा प्रतिनिधी कोण हे त्याला माहीत नाही आणि त्याच्या भागाचं मत काय होतं हेही नाही.

इतर पक्षांत एवढंही होत नाही. भाजपच्या घटनेत बूथ, मंडल, जिल्हा, प्रदेश अशी निवडणुकीची उतरंड आहे आणि राष्ट्रीय अध्यक्षासाठी किमान पाच राज्यांतून नाव सुचवलं जाण्याची अट आहे. प्रत्यक्षात एकच अर्ज येतो. जुलै २०२५ मध्ये प्रदेशाध्यक्षपद आपल्याच जिल्ह्यात, डोंबिवलीच्या रवींद्र चव्हाणांकडे आलं, तेही बिनविरोध. शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्या तेव्हा पक्ष खरा कुणाचा हे निवडणूक आयोगाला ठरवायचं होतं. संघटनेत बहुमत कुणाचं हे पाहणं ही एक कसोटी होती. पण दोन्ही प्रकरणांत ती कसोटी टिकली नाही आणि शेवटी आमदार-खासदार मोजले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचा आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचा निकाल असाच लागला. पक्षाच्या आतली मोजणी वर्षानुवर्षं न केल्याची ही किंमत आहे. वेळ आली तेव्हा लाखो कार्यकर्त्यांची गणती करता येईना, फक्त निवडून आलेल्यांची आली.

हरलेले कुठे गेले

काँग्रेसच्या इतिहासात अध्यक्षपदाच्या खऱ्या लढती मोजक्याच झाल्या. त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की एक सूत्र दिसतं.

१९३९ साली सुभाषचंद्र बोस यांना १,५८० मतं पडली आणि गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभी सीतारामय्यांना १,३७७. बोस जिंकले. पण त्रिपुरीच्या अधिवेशनात त्यांचे हात बांधले गेले, एप्रिलच्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांतच फॉरवर्ड ब्लॉक स्थापन झाला.

१९५० साली पुरुषोत्तमदास टंडन यांना १,३०६, आचार्य कृपलानींना १,०९२ आणि महाराष्ट्राच्या शंकरराव देवांना २०२ मतं मिळाली. नाशिकच्या अधिवेशनात टंडन अध्यक्षपदी बसले. कृपलानींनी पुढच्या वर्षी काँग्रेस सोडली आणि किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. नेहरूंशी न पटल्यामुळे टंडनांनाही १९५१ मध्येच पायउतार व्हावं लागलं. शंकरराव देव हे १९३६ च्या फैजपूर अधिवेशनाच्या उभारणीत अग्रभागी होते, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. खेड्यात पक्ष नेणाऱ्या माणसाच्या पदरात खेड्यांतल्या पक्षानं किती मतं टाकली असती, हे त्या प्रतिनिधींच्या मतदानातून कळायला मार्ग नव्हता.

१९९७ साली सीताराम केसरींना ६,२२४, शरद पवारांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मतं पडली. ज्या नेत्यामागे महाराष्ट्रात लाखोंच्या सभा होत होत्या, त्याला देशभरातल्या प्रतिनिधींच्या यादीत शंभरातली बारा मतं मिळाली. दोन वर्षांनी, १० जून १९९९ ला, राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली. फुटीचं जाहीर कारण सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा होता आणि ते कारण नाकारण्याचं कारण नाही. पण केंद्रातल्या पक्षयंत्रणेत आपली बेरीज कधीच जमणार नाही, हे १९९७ च्या आकड्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

तीन लढती आणि प्रत्येकीनंतर एक नवा पक्ष. हरलेला माणूस तेव्हाच घरात राहतो, जेव्हा त्याला खात्री असते की मोजणी खरी झाली आणि पुढच्या वेळी आपल्यालाही संधी आहे. जिंकलेल्यालाही काम करू द्यायचं नसेल, तर मतदान घेऊन उपयोग काय?

आता हेच सूत्र आपल्या मतदारसंघावर ठेवून बघा. किसन कथोरे २००९ ला मुरबाडमधून राष्ट्रवादीचे आमदार झाले आणि २०१४ पासून भाजपचे आहेत. कपिल पाटील २०१४ च्या लोकसभेआधी राष्ट्रवादीतून भाजपत आले आणि भिवंडीचे खासदार झाले. त्याच निवडणुकीत मनसेकडून लढलेले सुरेश म्हात्रे, आपले बाळ्यामामा, २०२४ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून ४,९९,४६४ मतं घेऊन पाटलांना ६६,१२१ मतांनी हरवतात. अपक्ष नीलेश सांबरे २,३१,४१७ मतं घेतात, तीही कुठल्याच मोठ्या पक्षाच्या तिकिटाशिवाय. या माणसांच्या मागे लोक आहेत यात वाद नाही. पण ते लोक पक्षाच्या आत मोजले गेले नाहीत, म्हणून प्रत्येकानं आपली मोजणी सार्वत्रिक निवडणुकीत करून घेतली. तिचा खर्च, तिचा ताण, तिच्यातली भांडणं सगळी गावागावांवर पडली.

अमेरिकेतला हिशेब

पक्षाच्या आतली मोजणी जगात सर्वांत उघडपणे होते ती अमेरिकेत. तिथेही ती आपोआप आली नाही. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षानं ह्युबर्ट हम्फ्री यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली तेव्हा त्यांनी एकही प्रायमरी, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठीचं पक्षाचं मतदान, लढवली नव्हती. पक्षाच्या पुढाऱ्यांनी प्रतिनिधी जुळवून दिले होते. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर डोकी फुटली. त्यानंतर नियम बदलले आणि राज्याराज्यांत सदस्यांच्या मतावर प्रतिनिधी ठरू लागले.

तो हिशेब समजून घेण्यासारखा आहे. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या खाली मतं पडली तर प्रतिनिधी मिळत नाहीत, वर पडली तर प्रमाणात मिळतात. ज्या भागानं पक्षाला आधीच्या निवडणुकांत जास्त मतं दिली, त्याच्या वाट्याला जास्त प्रतिनिधी. कल्पनेत हे आपल्याकडे आणू. समजा शहापूरला चार प्रतिनिधी आहेत आणि मुरबाडला तीन. शहापुरात १०,००० सदस्यांनी मतं दिली, पहिल्या उमेदवाराला ६,००० आणि दुसऱ्याला ४,०००. प्रमाणानं वाटले तर दोन-दोन. मुरबाडमध्ये ६,००० मतं पडली, पहिल्याला २,८८० आणि दुसऱ्याला ३,१२०. तिथे एक-दोन. एकूण मतं पहिल्याची ८,८८० आणि दुसऱ्याची ७,१२०, पण प्रतिनिधी पहिल्याचे तीन आणि दुसऱ्याचे चार. ज्याला सतराशेंहून जास्त मतं अधिक, तो मागे!

हे कागदावरचं नाही. ५ फेब्रुवारी २००८ ला हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सीसारखं मोठं राज्य जिंकलं आणि त्यांना ५९ तर ओबामांना ४८ प्रतिनिधी मिळाले. आघाडी ११ ची. त्याच दिवशी ओबामांनी आयडाहो हे लहानसं राज्य १५ विरुद्ध ३ नं जिंकलं. आघाडी १२ ची. ओबामांच्या माणसांनी दुर्लक्षित राज्यांत महिनोन्‌महिने घरं फिरून हे साधलं होतं. कुठे लढायचं हे त्यांना ठरवता आलं, कारण नियम वर्षभर आधी सगळ्यांच्या हातात होते.

म्हणजे प्रतिनिधींची पद्धत निर्दोष नाही. २०२४ ला जो बायडन यांनी प्रायमरी जिंकून जवळपास सगळे प्रतिनिधी मिळवले, जुलैत माघार घेतली आणि कमला हॅरिस यांना उमेदवारी प्रतिनिधींनीच दिली. सदस्यांना पुन्हा विचारायला वेळ उरला नव्हता. पैशाचा प्रश्नही आहेच. बेळगाव जिल्ह्यातून गेलेले आपले श्री ठाणेदार यांनी २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी स्वतःचे लाखो डॉलर घालून लढवली आणि तिसरे आले. २०२२ ला डेट्रॉइटच्या भागात अमेरिकी काँग्रेसच्या जागेसाठी नऊ जणांत सुमारे २८ टक्के मतं घेऊन पक्षाची उमेदवारी मिळवली आणि पुढे निवडून गेले. मराठी माणूस परक्या देशात, पक्षश्रेष्ठींचा वरदहस्त नसताना, शेजारच्या मतदाराच्या चिठ्ठीवर उमेदवार होऊ शकतो. त्यात त्याच्या पैशाचा हात होता हेही खरं. पण कुणाला किती मतं पडली हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वाचलं.

लातूर, वर्धा आणि अर्धवट राहिलेला प्रयोग

आपल्याकडे हे करून पाहिलंच नाही असं नाही. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या आग्रहानं काँग्रेसनं देशात निवडक सोळा मतदारसंघांत प्रायमरी घेण्याचं ठरवलं. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मतदार होते ब्लॉक-जिल्ह्याचे पदाधिकारी, निवडून आलेले प्रतिनिधी, आघाडी संघटनांची माणसं. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे यांनी प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांना हरवलं. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. दोन्ही जागा पुढे भाजपनं जिंकल्या. वडोदऱ्याच्या प्रायमरीत निवडले गेलेले नरेंद्र रावत मधुसूदन मिस्त्रींसाठी बाजूला झाले. त्याच वर्षी मेघे कुटुंबानं भाजपची वाट धरली.

प्रायमरीला विरोध करणारे हाच दाखला देतात आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. मतदानानं निवडलेला उमेदवारही पक्ष सोडून गेला, मग मोजणीनं काय साधलं? माझ्या मते वर्ध्यानं एक धडा दिला. पदाधिकाऱ्यांची यादी म्हणजे सदस्य नव्हेत. पदाधिकारी वरून नेमलेले असले तर ते पुन्हा घराण्यांतूनच निवडतात आणि निवडलेल्याला ज्यांच्यापुढे जाब द्यावा लागेल असे लोक खाली तयार होत नाहीत. प्रयोग फसला तो मोजल्यामुळे नाही, अर्ध्यावर मोजल्यामुळे. निकाल लागले, पक्ष हरला आणि पुढच्या निवडणुकीत प्रायमरीचं नावही कुणी काढलं नाही.

सुरुवात गटापासून

लोकसभेपासून सुरू करायचा हट्ट नको. जिल्हा परिषदेचा गट ही योग्य जागा आहे. गट म्हणजे काही गावं, एकमेकांना ओळखणारी माणसं, एका दिवसात फिरून होईल असा भाग. ठाणे जिल्हा परिषदेवर २०२३ पासून प्रशासक आले. पाणी, शाळा, आरोग्य केंद्र यांबद्दल जाब विचारायला निवडून दिलेला माणूस राहिला नाही. भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतो. हे ज्यांनी मांडायचं ती माणसं कोण असावीत, हे तरी गटातल्या कार्यकर्त्यांनी ठरवावं.

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. पक्षाची सदस्ययादी गावात वाचून दाखवावी. किमान एक वर्ष जुना सदस्यच मत देईल, म्हणजे आदल्या रात्री आणलेली माणसं आणि विरोधकांनी घुसवलेली माणसं बाहेर राहतील. इच्छुकांनी प्रत्येक गावात एकाच मंचावरून बोलावं. मतदान गुप्त, मोजणी तिथेच आणि आकडे तिथेच जाहीर. गटांचे आकडे सांभाळले की पुढे विधानसभेच्या उमेदवारीसाठी प्रतिनिधी किती हे आपोआप ठरेल: जिथे सदस्य जास्त आणि पक्षाला मतं जास्त, तिथले प्रतिनिधी जास्त. मग बदलापूर आणि माळशेजचा पायथा यांत कोण जड हे कुणाच्या अंदाजावर राहणार नाही.

पैसा चालेल, असं म्हणतात. आज काय चालतं? आज पैसा एका खोलीत चालतो आणि कुणाला दिसत नाही. हजार माणसांसमोर चालवायचा झाला तर तो महागही होतो आणि उघडाही पडतो. घरात भांडणं लागतील, असंही म्हणतात. भांडणं आजही आहेत, ती एबी फॉर्म वाटपाच्या दुपारी रस्त्यावर येतात आणि बंडखोरी म्हणून पाच वर्षं चालतात. चार महिने आधी मोजून झालेलं भांडण मिटायला वेळ मिळतो. सरपंचपदाच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेली भावकी पुढच्या लग्नात एका पंगतीत बसते हे या गावांनी वारंवार दाखवलं आहे.

कायद्याकडे बोट दाखवूनही चालणार नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार पक्षाची नोंदणी होते, पण पक्षानं उमेदवार कसा निवडावा यावर तो कायदा गप्प आहे. त्यानं अडवलेलंही नाही. उद्या मुरबाडच्या एखाद्या पक्षानं आपल्या गटात सदस्यांचं मतदान घेतलं तर त्याला कुणी थांबवू शकत नाही. थांबवतो तो फक्त वरच्यांचा धाक आणि खालच्यांची सवय.

धाक मोडायला वेळ लागेल, सवय मोडायला नाही. पुढच्या जिल्हा परिषदेला जो कुणी तिकीट घेऊन येईल, त्याला आपल्याच पक्षाच्या कार्यकर्त्यांनी एक प्रश्न विचारावा: तुम्हाला कुणी निवडलं आणि किती मतांनी? उत्तरात एखाद्या साहेबांचं नाव आलं तर ते उत्तर धरू नये. उत्तरात गावांची नावं आणि आकडे आले पाहिजेत. ते येईपर्यंत शहापूर-मुरबाडमधल्या प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक बैठकीत हा प्रश्न विचारत राहणं, हे त्या पक्षावर खरं प्रेम करणाऱ्याचं काम आहे.